खडक घडवायचा तो पोकळीसाठी

खाऱ्या पाण्याच्या टाकीत सर्वांत आधी उतरतो तो खडक, आणि पाहणाऱ्यांची नजर मात्र त्याच्यावर सर्वांत शेवटी जाते. मासे पाहून होतात, डोलणारे समुद्रफूल पाहून होते, प्रवाळाच्या फांद्या पाहून होतात, आणि मग कोणीतरी विचारते, ‘हे दगड खरे आहेत का?’ हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण त्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. माझ्या टाकीतला बहुतेक खडक मी सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि जाडे मीठ एकत्र कालवून स्वतः घडवला आहे. पण आज त्यावर चढलेले जांभळट-गुलाबी कवच, त्याच्या भोकांतून रात्री डोकावणारे बारीक जीव आणि टाकीचे पाणी राखणारे त्याच्या आतले जिवाणू, यांतले काहीही मी घडवलेले नाही. मी घडवली ती फक्त त्यांच्यासाठी जागा.

‘लाइव्ह रॉक’ असे ज्याला हौशी मंडळी म्हणतात, तो खडक स्वतः जिवंत नसतोच. प्रवाळ समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपला सांगाडा बांधतात. प्रवाळ मेल्यावर तो सांगाडा लाटा आणि वादळे मोडतात, स्पंज आणि शिंपले त्याला पोखरतात, चुना साठवणारी शैवाले त्याचे तुकडे पुन्हा सांधतात, आणि या मोडतोडीतून नि जुळणीतून जो सच्छिद्र दगड उरतो त्याच्या भेगाभेगांत वस्ती होते. ही वस्तीच टाकीच्या कामाची असते. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या अन्नातून सतत अमोनिया सुटत असतो आणि तो विषारी असतो. खडकाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू ऑक्सिजनच्या मदतीने त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. एवढे काम कोणत्याही खडबडीत वस्तूवर होऊ शकते. खडकाचे वैशिष्ट्य त्याच्या आत आहे: पाणी जसजसे आत झिरपते तसतसा त्यातला ऑक्सिजन बाहेरचे जिवाणू संपवतात, आणि खोलवर, जिथे तो उरतच नाही, तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटमधल्या ऑक्सिजनवर जगतात. त्यातून नायट्रोजन वायू मोकळा होतो आणि बुडबुड्यांवाचून, कोणाच्या लक्षातही न येता हवेत निघून जातो. एकाच दगडात दोन परस्परविरुद्ध कामे चालतात, ती केवळ त्याच्या पोकळ्यांमुळे.

खडकाची ही ताकद हौशी लोकांना फार उशिरा कळली. जाकार्तातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपल्या टाक्यांविषयी लिहिले, तेव्हा त्यांच्याकडे गाळणयंत्रांचा पसारा नव्हता. समुद्रातून आणलेले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे यांवरच ते प्रवाळ सांभाळत होते. पुढे बर्लिनमधल्या हौशींनी भरपूर लाइव्ह रॉक, पाण्यातला सेंद्रिय मळ फेसावाटे बाहेर काढणारा स्किमर आणि तीव्र प्रकाश यांची सांगड घातली, आणि ती ‘बर्लिन पद्धत’ म्हणून जगभर पसरली. पद्धत उत्तम होती, पण तिची भूकही मोठी होती. दर चार लिटर पाण्यामागे अर्धा किलो खडक असा ढोबळ हिशेब रूढ झाला आणि तो सगळा खडक कुठल्या ना कुठल्या प्रवाळभित्तीतून फोडून येऊ लागला. फ्लोरिडाने १९८९ मध्ये आपल्या हद्दीतल्या पाण्यातून तो काढण्यास बंदी घातली. तिथल्या संघराज्याच्या अखत्यारीतील पाण्यातही हे काम टप्प्याटप्प्याने कमी करत १९९७ च्या आरंभी थांबवले गेले, आणि पुढे तिथे खडक मिळवायचा तर भाड्याने घेतलेल्या समुद्रतळावर दगड टाकून, त्यावर वस्ती होईपर्यंत वाट पाहायची, अशी व्यवस्था आली. वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ करारानेही दगडी प्रवाळांना आपल्या दुसऱ्या परिशिष्टात घेतले आहे आणि लाइव्ह रॉकचा व्यापार त्याच कक्षेत येतो.

मला यातला कायद्याचा भाग दुय्यम वाटतो. प्रवाळभित्ती एकंदरीत वर्षाला काही मिलिमीटर उंचावते, हा आकडा एकदा डोक्यात बसला, की वीतभर जाडीच्या दगडाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी भागावर प्रवाळभित्ती आहेत, आणि समुद्रातल्या सुमारे चतुर्थांश प्रजाती त्यांच्या आश्रयाने राहतात. त्यातला एक कोपरा माझ्या बैठकीच्या खोलीत आणून ठेवायला माझ्याजवळ पुरेसे कारण नाही. निदान खडकाच्या बाबतीत तरी नाही, कारण तो घडवता येतो.

सिमेंटनेही प्रदूषण होते, हे मी नाकारणार नाही. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंट-उद्योगाचा वाटा सात ते आठ टक्के मानला जातो. एका टाकीला मात्र ते काही किलोच लागते, आणि ते एकदाच. शिवाय त्या राखाडी पुडीचे समुद्राशी असलेले नाते मला नेहमी दिलासा देते. सिमेंट होते चुनखडी आणि चिकणमाती सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजून, आणि जगातली बरीचशी चुनखडी म्हणजे प्राचीन समुद्रांच्या तळाशी साठलेली कवचे आणि सांगाडेच. जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ मध्ये ‘पोर्टलंड सिमेंट’चे पेटंट घेतले, तेव्हा त्यांनी नाव घेतले ते इंग्लंडमधल्या पोर्टलंड बेटावरच्या इमारती दगडाचे, आणि तो दगडही उथळ, उबदार समुद्रातच तयार झालेला. घरी खडक घडवताना आपण समुद्राचाच चुना, भट्टीतून फिरवून आणून, पुन्हा खाऱ्या पाण्यात सोडत असतो.

मिश्रण सोपे आहे, तरी त्यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. साधे पोर्टलंड सिमेंट एक भाग, कालवांच्या शिंपल्यांचा चुरा किंवा ॲरागोनाइट या चुन्याच्या खनिजाची जाड वाळू दोन ते तीन भाग, आणि जाडे मीठ एक ते दोन भाग. सिमेंट पांढरे घेतले तरी चालते, राखाडी घेतले तरी चालते. वर्षभरानंतर दोन्ही ओळखू येत नाहीत. त्यात लवकर घट्ट होण्यासाठी, पाणी अडवण्यासाठी किंवा बुरशी मारण्यासाठी काही मिसळलेले नसावे, एवढे मात्र पिशवीवर नीट वाचून घ्यावे. बुरशी मारणारे द्रव्य जिवाणूंशीही मैत्री करणार नाही. मिठातही गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली द्रव्ये नसावीत. हातमोजे आणि नाकावर मास्क हवाच: कोरडी पूड फुप्फुसांना वाईट, आणि ओले सिमेंट त्वचेला हळूहळू भाजते, इतके हळूहळू, की त्याचा दाह कित्येकदा काम संपल्यावर जाणवतो.

मीठ सर्वांत शेवटी घालायचे, आणि या एका गोष्टीवर मी फार आग्रही आहे. आधी सिमेंट आणि चुरा कोरडेच एकजीव करायचे, मग अगदी बेताने पाणी घालून कालवायचे. मूठ वळली तर गोळा टिकावा, पण बोटांमधून पाणी ओघळू नये, इतपतच ओल हवी. त्यानंतर मीठ. एक लिटर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅमच मीठ विरघळते; मिश्रणात पाणीच थोडे असल्यामुळे ते लगेच तृप्त होते आणि उरलेले खडे जसेच्या तसे राहतात. पुढे सिमेंट घट्ट झाले, खडक पाण्यात उतरला, की हेच खडे विरघळून निघून जातात आणि त्यांच्या जागी त्यांच्याच आकाराची घरे उरतात. बारीक मीठ वापरले तर दगड भुसभुशीत होतो आणि छिद्रेही कामाची नसतात. मीठ फार झाले तर कडा बोटांनी कुस्करता येतात. नुसती छिद्रे असून भागत नाही, ती एकमेकांत उघडणारी असावी लागतात, कारण चारही बाजूंनी सिमेंटने बंद झालेल्या पोकळीत पाणी पोहोचत नाही आणि तिचा कोणालाच उपयोग नसतो. म्हणून मिश्रण साच्यात भरताना ते थापीने ठोकून बसवायचा मोह टाळावा. गवंड्याचे कौशल्य पोकळी राहू न देण्यात असते. इथे सगळे शहाणपण नेमके उलट्या दिशेने चालवावे लागते.

साचा म्हणून ओलसर वाळूने भरलेले घमेले किंवा खोके पुरते. वाळूत हाताने खळगा करायचा, त्याचा तळ वेडावाकडा ठेवायचा आणि त्यात मिश्रण मुठीमुठीने सोडत जायचे. जिथे गुहा हवी तिथे ओल्या वाळूचा गोळा ठेवून त्यावरून मिश्रण लिंपायचे. दगड घट्ट झाला की ती वाळू बोटाने उकरून काढता येते. बोट आरपार घालून बोगदे करता येतात. वाळूही ॲरागोनाइटचीच असली तर दगडाला चिकटून राहिलेली वाळू त्रास देत नाही, उलट पृष्ठभाग खरखरीत करते. आधारासाठी लोखंडी सळई कधीही घालू नये, ती गंजते. लांब कमान करायची असेल तर आत पीव्हीसी नळीचा तुकडा पुरतो.

आकाराविषयी माझे ठाम मत आहे. नवखी माणसे गोल, भरीव धोंडे करतात, कारण खडक म्हटले की तेच डोळ्यांसमोर येते. तसा धोंडा टाकीत जागा अडवतो, पाणी अडवतो, आणि त्याच्या पोटात काहीच पोहोचत नाही. नैसर्गिक लाइव्ह रॉकमधली सूक्ष्म छिद्रे सिमेंटच्या दगडात हुबेहूब आणता येत नाहीत, आपला दगड नेहमी थोडा जडच होतो. ही उणीव आकाराने भरून काढावी लागते: पातळ फळ्या, तीन पायांवर उभ्या राहणाऱ्या कमानी, खालून पोखरलेले कपार. तीन पायांचा दगड डगमगत नाही आणि त्याच्या खालून पाणी वाहत राहते. प्रवाळ वरच्या उजेडात बसवता येतात, आणि खालच्या सावलीत स्पंज आपणहून येतात. मासेही अशा कपारींत रात्रीची जागा ठरवून घेतात आणि ती सहसा बदलत नाहीत.

ओल्या वाळूतला दगड किमान दोन दिवस तरी हलवू नये. वर ओले गोणपाट किंवा प्लॅस्टिक टाकून ठेवावे, कारण सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाणी धरून घट्ट होते. बांधकामावर रोज पाणी मारतात ते याचसाठी. वाळूतून काढल्यावरही आठवडाभर त्याला ओलसरच राखावे आणि मग गोड्या पाण्यात बुडवावे.

यानंतर जे सुरू होते तेच या कामातले खरे काम आहे, आणि त्यात हाताला काहीही काम नसते. सिमेंट आणि पाण्याच्या संयोगातून दगडाला बळ देणारे द्रव्य तयार होते, आणि त्याच्याबरोबर मोकळा चुनाही सुटतो. हा चुना छिद्रांतून पाण्यात उतरतो आणि पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, बारापर्यंत नेतो. समुद्राच्या पाण्याचा सामू आठाच्या थोडा वर असतो. आकड्यांत फरक चारचा दिसतो, पण सामूच्या मोजपट्टीवर प्रत्येक अंक दहापटीचा असल्यामुळे, १२ आणि ८.२ यांच्यामध्ये अल्कधर्मी तीव्रतेचा फरक सुमारे सहा हजारपट होतो. अशा पाण्यात मासाच काय, आपल्याला हवा असलेला कोणताही जीव टिकत नाही.

या चुन्याचे बाहेर पडणे डोळ्यांनी पाहता येते. बादलीत दगड बुडवून ती झाकण न लावता ठेवली, की दुसऱ्या दिवशी पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा पांढरट पापुद्रा धरलेला असतो. त्याला बोट लावले, की तो सुरकुतत नाही, त्याचे कोनदार तुकडे होतात. कडेचे तुकडे बादलीच्या भिंतीला चिकटून राहतात आणि मधले तिरपे होऊन बुडतात. विरघळलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पाणी व हवा जिथे भेटतात तिथेच कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतो, त्याचा हा पापुद्रा. प्रवाळ ज्या द्रव्याचा सांगाडा बांधतात तेच हे द्रव्य. सुरुवातीला पापुद्रा जाड असतो. पाणी बदलत गेले की तो पातळ होत जातो, मग त्याची नुसती झाक उरते, आणि एक वेळ अशी येते, की पाण्यावर काहीच धरत नाही. मी या पापुद्र्याकडे रोज पाहते. मोजपट्टीच्या आधी तोच मला सांगतो, की दगड कुठवर आला आहे.

हेच चुन्याचे पाणी प्रवाळ पाळणाऱ्यांना परके नाही. चुन्याची निवळी थेंबाथेंबाने टाकीत सोडून प्रवाळांना कॅल्शियम देण्याची पद्धत जुनी आहे आणि आजही उत्तम चालते. तिथे थेंब असतो, इथे लोट असतो, एवढाच फरक. पण हा फरक जीव वाचण्याचा आणि जाण्याचा आहे.

पाणी आठवड्यातून एकदा-दोनदा बदलत राहावे. वाहत्या पाण्याची सोय असेल तर काम लवकर होते. साधारणपणे एक ते दोन महिने लागतात, जाड दगडाला अधिक. काही जण घाईने दगड खाऱ्या पाण्यातच मुरवतात. ते मला पटत नाही, कारण इतक्या तीव्र अल्कधर्मी खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियमचे आणि कॅल्शियमचे क्षार पांढऱ्या गाळाच्या रूपाने बाहेर पडतात, आणि आपण मिठाने मोकळी केलेली छिद्रे ते बुजवू शकतात. व्हिनेगरने चुना मारण्याचा उपायही सर्वश्रुत आहे. आम्ल पृष्ठभागावरचा चुना खरोखरच शमवते. मात्र ते शिंपल्यांचा चुराही खाते, आणि आतला चुना आतच राहून पुढे कित्येक दिवस झिरपत राहतो. त्यापेक्षा कृत्रिम प्रवाळभित्तीसाठी समुद्रात सोडायच्या काँक्रीटमध्ये सूक्ष्म सिलिका मिसळण्याची जी रीत आहे ती अधिक विचारी आहे, कारण ती सिलिका मोकळ्या चुन्याशी संयोग पावून त्याला दगडातच बांधून टाकते. घरच्या कामाला मी तरीही साधे पाणी आणि वेळ यांवरच भिस्त ठेवते.

तपासणी कशी करावी, याबाबत काटेकोर राहावे. रोज बदललेल्या पाण्याचा सामू कमीच दिसणार, कारण चुन्याला उतरायला वेळच मिळालेला नसतो. दगड ताज्या पाण्यात बुडवून दोन-तीन दिवस तसाच ठेवावा, शेजारी त्याच पाण्याचे दगडाविना एक भांडे ठेवावे, आणि दोन्हींचा सामू एकाच वेळी मोजावा. दोन्ही आकडे जवळपास जुळले आणि दगडाच्या भांड्यातला साडेआठाच्या खाली स्थिरावला, की दगड तयार.

तयार झालेला हा दगड अजून मेलेलाच असतो. त्याला खाऱ्या पाण्यात, म्हणजे १.०२५ विशिष्ट गुरुत्वाच्या आणि २५-२६ अंश तापमानाच्या फिरत्या पाण्यात, जुन्या खडकाच्या एका तुकड्याशेजारी ठेवायचे आणि जिवाणूंना खायला किंचित अमोनिया मिळेल याची सोय करायची. पहिल्या काही आठवड्यांत अमोनिया चढतो आणि उतरतो, पाठोपाठ नायट्राइट चढते आणि उतरते. जिवाणू आले हे कळते ते फक्त या आकड्यांवरून. डोळ्यांना दिसते ते आधी तपकिरी डायटमचे, म्हणजे एकपेशी शैवालांचे, आवरण आणि मग हिरवे शैवाल, आणि तेव्हा दगड इतका कुरूप दिसतो, की अनेक जण तो बाहेर काढून घासतात. घासू नये. गोगलगायी आपल्या वेगाने ते काम करतात.

दगडावर चुन्याचे कवच धरणारे गुलाबी कोरलाइन शैवाल यायला महिने लागतात. पाण्यात कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम असावे, क्षारता (म्हणजे सामू टिकवून धरण्याची पाण्याची ताकद) आणि मॅग्नेशियम स्थिर असावे, एवढे आपल्या हातात. पहिले ठिपके मोहरीच्या दाण्याहून लहान असतात आणि बहुधा अर्ध्या सावलीतल्या कडेवर उमटतात. भिंगातून पाहिले तर प्रत्येक ठिपक्याला फिकट, किंचित उचललेली किनार दिसते. ती किनार म्हणजे त्याची वाढती बाजू. दोन ठिपके भेटतात तिथे बारीक उंचवटा उभा राहतो आणि दोघेही तिथून पुढे सरकत नाहीत. मिठाने सोडलेल्या खाचेत शैवाल शिरते तेव्हा तिची कड गोलावते, आणि मग ती खाच मिठाची होती हे मला माहीत असूनही ओळखता येत नाही. रात्री दिवे मालवल्यावर लाल उजेडात पाहिले, की त्याच खाचांतून कोपेपॉड हे कोळंबीच्या कुळातले बारीक जीव काचेवर येताना दिसतात, आणि बोगद्याच्या तोंडाशी ब्रिसलवर्म या केसाळ किड्याचे अर्धे अंग बाहेर आलेले असते. हे सगळे त्या शेजारच्या जुन्या तुकड्यातून चालत आलेले असतात.

समुद्रातून फोडून आणलेल्या खडकाबरोबर याहून कितीतरी अधिक जीव येतात, ही गोष्ट खरी आहे आणि घरच्या खडकाची ती मर्यादा आहे. त्यांच्याबरोबर ऐप्टेशिया हे भराभर पसरणारे समुद्रफूल किंवा मासे मारणारी मॅन्टिस कोळंबीही येऊ शकते, हाही त्याच व्यवहाराचा भाग. विविधता हवी तर एकाहून अधिक जुन्या, निरोगी टाक्यांतून तुकडे मिळवावेत. त्यातून समुद्राची बरोबरी होत नाही, पण वस्ती दाट होते.

माझे जुने दगड आता इतरांच्या नव्या दगडांना बी म्हणून जातात. छिन्नीने कडेचा एक तुकडा काढायचा, खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि काही तासांत पोहोचवायचा, इतके ते सोपे आहे. ज्यांना तुकडा देते त्यांना एवढेच सांगते, की आपल्या दगडाचे पाणी तीन दिवस न बदलता ठेवा, सामू मोजून मला आकडा कळवा, आणि तो साडेआठाच्या खाली असेल तरच हा तुकडा घ्यायला या.